मावशीच्या ज्वारीतले भारीट

त्या लोकांना मावशीचं वावर मीच दाखवलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे जो राग आहे त्यात माझा वाटा किती, ते कुणाला शोधत बसायला नको.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. डोंगरकडा गावाच्या पुढे पांदणीच्या गाडीवाटेने अर्धा तास चाललं की तिचं चार एकर वावर लागतं. काकांना जाऊन बरीच वर्षं झाली, दोन्ही मुली आपापल्या घरी आहेत. शेत ती एकटी बघते; पेरणीला आणि काढणीला तेवढी माणसं लावते. मी आखाडा बाळापूरला असते, सरकारी दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते. आठवडाभर काचपट्टीवरचे ठिपके मोजायचे. सुट्टीच्या दिवशी तरी मान वर करून लांबचं काही बघावं, म्हणून मी दुर्बीण घेतली. नवरा हसला होता. "पाखरं काय, दारात बी येतेत की," म्हणाला. पण एका हिवाळ्यात कालव्याच्या कडेला, पाणकणसाच्या बुडाशी, निळ्या गळ्याचा चिमणीएवढा पक्षी शेपटी झटकत चिखलातून फिरताना दिसला. घरी येऊन पुस्तकात बघितलं तर तो शंकर नावाचा पक्षी निघाला, पार हिमालयाच्या पलीकडून आलेला. कुणी न सांगता मी तो ओळखला होता. त्या दिवसापासून मी वही ठेवते.

मावशीच्या वावरातले पक्षी मात्र मला वहीच्या आधीपासून माहीत होते. भारीट. चिमणीपेक्षा थोडे मोठे, पोट हळदीसारखं पिवळं, नराचं डोकं काळं. थंडीत शेकड्यांनी येतात, ज्वारीवर राहतात आणि ऊन तापायला लागलं की परत निघून जातात, इराणच्या बाजूला आणि त्याही पुढे. एवढंसं पाखरू एवढा प्रवास करतं आणि बरोबर आपल्या शिवारात उतरतं, याचं मला नेहमीच अप्रूप वाटलं. मावशी त्यांना नुसतं 'पिवळ्या' म्हणते आणि तिला त्यांचं काडीचं अप्रूप नाही.

तिचंही खरंच आहे. मी लहान होते तेव्हा आमच्या शिरड शहापूरकडे काय आणि इकडे काय, हिवाळ्यात जिकडे बघावं तिकडे ज्वारीच असायची. पाखरं यायची, ती सगळ्या शिवारात वाटली जायची. चार कणसं याची, चार त्याची. आता मावशीच्या एका अंगाला केळी, दुसऱ्या अंगाला हळद, पांदणीपलीकडे हरभरा. त्या अख्ख्या पट्ट्यात ज्वारी पेरणारी ती एकटी. म्हणजे सगळ्या शिवाराच्या पिवळ्या तिच्या एकटीच्या माथी.

"मग तू बी हळद लाव ना," मी एकदा म्हणाले होते.

"हळदीला पाखरू लागत न्हाई, बराबर हाय," ती म्हणाली. "पण म्हैस हळदीचा पाला खाती का? बैलाला कडबा कुठून आणू? आन् भाकर कशाची थापू?"



शहरातल्या पक्षी बघणाऱ्यांच्या एका ग्रुपात मी चार वर्षं होते. ग्रुपचे प्रमुख एक निवृत्त अधिकारी, सगळे त्यांना सर म्हणायचे. सर्वांकडे हाताएवढ्या लेन्सचे कॅमेरे. माझ्याकडे दुर्बीण आणि वही. पहिल्याच हिवाळ्यात मला मावशीच्या वावरात काळ्या डोक्यांच्या भारटांमध्ये एक तांबड्या डोक्याचा दिसला. डोकं, गळा, छाती विटकरी, पोट पिवळं. त्याच जातकुळीतला, पण वेगळा. मी ग्रुपवर लिहिलं. सरांचं उत्तर आलं, "फोटो असेल तर पाठवा. नुसतं दिसलं म्हणून नोंद होत नसते." दुसऱ्या वर्षी मी पुन्हा लिहिलं, या वेळी तीन दिसले होते. एकाने लिहिलं, "मॅडम, कावीळ झालेली चिमणी असेल, रक्त तपासून घ्या." खाली हसण्याची चित्रं. सरांचंही एक होतं.

वीस वर्षं मी सूक्ष्मदर्शकात बघून सांगते की हा मलेरिया आहे, हा नाही. डॉक्टर माझ्या शब्दावर औषध लिहितात. पण उघड्या वावरात, दहा पावलांवर बघितलेलं पाखरू मी सांगितलं, तर ती कावीळ झालेली चिमणी. तो चटका मी मनात ठेवला आणि त्यातूनच पुढची चूक झाली. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात, ज्वारी हुरड्यात असताना, मीच सरांना फोन केला. "येऊन डोळ्यांनी बघा," मी म्हणाले. "वावर माझ्या मावशीचंच आहे."

मी आदल्या संध्याकाळीच मावशीकडे जाऊन राहिले. सकाळी पाहुणे येणार आहेत, पाखरं बघायला, एवढंच सांगितलं.

"पाखरं बघायला?" ती म्हणाली. "कितीक घेऊन जाणार हायेत? सगळेच न्या म्हणावं."

पहाटे मला जाग आली तेव्हा तिचं अंथरूण रिकामं होतं. पिवळ्या उजाडता उजाडता ज्वारीवर पडतात, त्यामुळे ती त्याच्याही आधी वावरात असते. मी पोचले तेव्हा ती माळ्यावर उभी होती. चार बल्ल्या पुरून वर फळ्या टाकलेला, पुरुषभर उंचीचा तो माळा दरवर्षी ती नवा बांधून घेते. हातात गोफण, पायाशी ढेकळांची पाटी, बाजूला तेलाचं रिकामं डबडं. थवा बाभळीवरून उठला की ती गोफण डोक्याभोवती फिरवायची, सोडायची, दोरीचा फटाका वाजायचा आणि अख्खा थवा वळसा घालून परत बाभळीवर जाऊन बसायचा. मग पुन्हा. मग पुन्हा. सत्तरीला टेकलेली बाई ही. मधल्या वेळात एका हाताने दुसरा खांदा चोळत होती.

साडेसातला पांदणीत दोन गाड्या आल्या. सर आणि त्यांचे पाच जण उतरले. हिरवे-तपकिरी कपडे, टोप्या, कॅमेऱ्यांच्या तिकाटण्या. मी सगळ्यांना मावशीची ओळख करून दिली. मावशीने माळ्यावरूनच हात जोडले आणि लगेच गोफण फिरवली, कारण थवा उठला होता. फटाका वाजला. सर दचकले.

"अहो आजी, थांबा थांबा!" ते म्हणाले. "असं उडवलं तर आम्हांला दिसणार काय? जरा वेळ शांत बसा."

मावशीने माझ्याकडे बघितलं. ती नजर मला अजून दिसते. तिला त्या माणसाला काय ते सांगता आलं असतं, तिला कुणाची भीड नाही. पण पाहुणे माझे होते. ती मला विचारत होती.

आणि मी म्हणाले, "मावशी, थोडा येळ बस ना. एवढे लांबून आलेत."

ती बसली. गोफण मांडीवर घेतली, पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि बसली.

त्यानंतर जे घडलं ते सुंदर होतं, हे मला नाकारता येत नाही. पहिल्यांदा दहा-वीस उतरले. कणसावर एक बसला की कणीस झुकायचं, तो पंख फडफडवत तोल सावरायचा आणि दाणा टिपायचा. मग बाभळ रिकामीच झाली. पिवळा झोत वावरावर पडला आणि उगवतीचा अख्खा कोपरा हलायला लागला. चिप् चिप् असा आवाज एकाचा आला तर कळणारही नाही, पण तिथे त्या आवाजाची पार चादर झाली होती. मी दुर्बीण लावली. कणसा-कणसावरून नजर नेत गेले आणि सातव्या-आठव्या ओळीत तो सापडला. विटकरी डोकं, सकाळच्या उन्हात तापलेल्या कौलासारखं.

"सर, तो बघा. बांधावरच्या तिसऱ्या बांबूच्या डावीकडे."

सरांनी लेन्स फिरवली. कॅमेरा कडकडकड वाजला. त्यांनी पडद्यावर बघितलं, मोठं करून बघितलं आणि वळून आपल्या माणसांना म्हणाले, "मिळाला रे! तांबडा भारीट मिळाला आपल्याला!"

आपल्याला. चार वर्षं मी सांगत होते. ते माझ्याकडे वळून 'तुमचं बरोबर होतं' एवढे तीन शब्द म्हणाले असते, तरी मी बाकीचं बहुतेक गिळलं असतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला थोडा आनंदही झाला होता. मी मावशीला पार विसरले होते.

थोड्या वेळाचा एक तास झाला, एकाचे दोन. मावशी मधे म्हणाली, "झालं का गं?"

"आजी, पाचच मिनिटं," सर म्हणाले. "केवढ्या लांबचे पाहुणे आहेत हे तुमचे, माहीत आहे? हजारो मैलांवरून आलेत."

"लांबून आलेत म्हून का सगळं वावरच वाढून द्यायचं?" मावशी म्हणाली. सगळे हसले. त्यांना वाटलं ती गंमत करते आहे.

एकाने मोबाइलवर भारटाचं गाणं लावलं आणि फोन उंच धरला, नर जवळ यावा म्हणून. दुसरा सरळ ज्वारीत शिरला. पाठीवर पिशवी, हातात कॅमेरा, ओळी आडव्या करत चालला. दोन धाटं त्याच्या बुटाखाली मोडली, तो आवाज मला ऐकू आला. "अहो, पिकातून नका जाऊ," मी ओरडले. त्याने हाताने मलाच गप्प राहायची खूण केली. पाखरू उडेल म्हणून.

तिसरा मावशीपाशी उभा राहून तिला समजावत होता. गोफणीने पक्षी मरतात, हे क्रौर्य आहे, सरकारी कायदा आहे वगैरे.

"चाळीस वर्षं गोफण फिरवून राहिले मी," मावशी म्हणाली. "एक पाखरू मेलं न्हाई मपल्या हातानं. ढेकूळ हाय ते, हवेतच फुटतंय. पाखराला फटाक्याचं भ्या असतंय, ढेकळाचं न्हाई."

तो मान हलवत राहिला, लहान पोरीचं खोटं ऐकून घ्यावं तशी.

निघताना सरांनी खिशातून एक बिल्ला काढला. वर 'पक्षीमित्र' असं लिहिलेलं. तो त्यांनी मावशीच्या हातात दिला, ती मांडीवर गोफण घेऊन बसलेली असतानाच तिचा फोटो काढला आणि सगळे गाडीत बसले. मावशीने सगळ्यांसाठी चहाचं पातेलं चुलीवर ठेवायला शेजारणीला सांगून ठेवलं होतं. त्यांना उशीर होत होता. पांदणीत पाण्याच्या तीन रिकाम्या बाटल्या पडलेल्या होत्या, त्या मी उचलल्या.

मग आम्ही दोघी उगवतीच्या कोपऱ्यात गेलो. बाहेरून बघितलं तर कणसं उभीच होती. हाताने वाकवून बघितलं तर एका अंगाने दाणा आणि दुसऱ्या अंगाने नुसतं भुसकट. काही तर चहूबाजूंनी रिकामी. मावशी एकेक कणीस वाकवायची आणि सोडायची. वाकवायची आणि सोडायची. पाच-सहा ओळी अशाच गेल्या होत्या. मोडलेली धाटं तिने उचलून काखेत घेतली, म्हशीसाठी.

"मावशी, तू उठली काहून न्हाईस?" मी म्हणाले. मलाच काहीतरी बोलायला हवं होतं.

"तुपले पाहुणे होते," ती म्हणाली. एवढंच. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती गेली आणि माळ्यावर चढून उभी राहिली, कारण थवा परत उठला होता.

त्या संध्याकाळी मी घरी आले, हातपाय धुतले आणि फोन बघितला. सरांनी तांबड्या भारटाचा फोटो टाकला होता. जिल्ह्यातली पहिली नोंद, असं लिहून, स्वतःच्या नावाने. माझं नाव कुठेच नव्हतं, ते एक असो. खाली वावराची जागा नकाशावर खूण करून दिली होती, जो येईल त्याला पांदणीपर्यंत आणून सोडेल अशी. आणि त्याखाली मावशीचा फोटो. मांडीवर गोफण, डोक्यावर पदर, हातात बिल्ला. वर ओळ होती: 'परदेशी पाहुण्यांसाठी आपलं उभं पीक आनंदानं सोडून देणारी माउली.'

खाली शेकडो हात जोडलेले. 'अशी माणसं आहेत म्हणून निसर्ग टिकून आहे.' 'डोळ्यांत पाणी आलं.' 'पुढच्या रविवारी नक्की जाऊ.'

भाजी करपत होती, नवऱ्याने गॅस बंद केला, ते मला नंतर कळलं. मी सरांना फोन लावला.

"ते काढून टाका," मी म्हणाले.

"काय?"

"मावशीचा फोटो. आणि जागा. ती ओळ तर आधी काढा."

"मॅडम, किती चांगलं लिहिलंय मी त्यांच्याबद्दल. लोक पाया पडतायत."

"खोटं लिहिलंय तुमी. आनंदानं कुठं सोडलं तिनं? तुमी बसा म्हणालात म्हणून बसली. तिचा पूर्ण कोपरा गेलाय."

"कोपऱ्याचं काय एवढं? आणि पक्षी काही कुणाच्या मालकीचे नसतात. ते सगळ्यांचे असतात."

"मग सगळ्यांनी ज्वारी पेरा," मी म्हणाले. "वावर सगळ्यांचं न्हाई. एकटीचं हाय."

मी रागावले की माझी बोली शुद्ध राहत नाही. पलीकडून ते समजूत काढल्यासारखं म्हणाले, "तुम्ही भावनिक होताय."

फोटो काढला नाही. जागाही नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून मी मावशीला फोन करून सगळं वाचून दाखवलं.

"मी सोडून देलं?" ती म्हणाली. "आनंदानं?"

"असं लिव्हलंय."

"मेल्यांनो," ती म्हणाली, आणि पुढे जे म्हणाली ते इथे लिहिता येणार नाही. ते ऐकून मला त्या दोन दिवसांत पहिल्यांदाच बरं वाटलं.

शनिवारी अर्धा दिवस रजा टाकून मी डोंगरकड्याला गेले. "गोफण शिकव," मी मावशीला म्हणाले. लहानपणी फिरवली होती, पण हात विसरला होता. पहिलं ढेकूळ माझ्याच पाठीमागे पडलं, दुसरं केळीत गेलं. "मनगटातून सोड. खांद्यातून न्हाई," मावशी खालून सांगत राहिली. अंधार पडेपर्यंत माझ्या करंगळीला फोड आला होता, पण फटाका वाजायला लागला होता.

रविवारी उजाडायच्या आत मी माळ्यावर होते. दुर्बीण घरी ठेवून आले होते, मुद्दाम.

तीन गाड्या आल्या. बारा-तेरा माणसं असतील. सर पुढे, त्यांच्या हातात पिशवी. पिशवीतून त्यांनी शाल आणि नारळ काढला. मावशीचा सत्कार करायचा होता. एकजण लगेच चित्रण करायला उभा राहिला.

मावशी माळ्याच्या खाली ढेकळं गोळा करत होती. तिने पाटी खाली ठेवली, हात झटकले आणि शालीकडे बघितलं.

"कशापायी?"

"तुम्ही पक्ष्यांसाठी जे केलंत त्यासाठी," सर म्हणाले.

"मी कायबी केलं न्हाई. मला बसिवलं तुमी," मावशी म्हणाली. "शाल राहू द्या, थंडी सरली आता. काई करायचंच असलं तर हे डबडं घ्या, त्या उगवतीच्या कोपऱ्यावर उभं ऱ्हा आन् वाजवा. सूर्य डोक्यावर येईस्तोवर. तिकडून लय पडतेत."

तिने डबडं आणि काठी पुढे केली. ती थट्टा करत नव्हती. तेरा धडधाकट माणसं होती. त्यांतल्या चौघांनी चार कोपरे धरले असते, तर तिला त्या सकाळी बसून चहा पिता आला असता. कुणी पुढे झालं नाही. मग एका तरुणाने हसत हसत डबडं घेतलं, दुसऱ्याने त्याचं चित्रण केलं, त्याने आठ-दहा वेळा बडवलं आणि परत आणून दिलं. "मस्त," म्हणाला.

तेवढ्यात बाभळीवरून थवा उठला. सगळ्यांनी कॅमेरे उचलले. मी गोफण फिरवली आणि सोडली. फटाका असा वाजला की पलीकडच्या हरभऱ्यातला माणूस उभा राहून बघायला लागला. थवा वळला, बाभळीवर गेला.

"मॅडम!" सर ओरडले.

मी दुसरं ढेकूळ भरलं.

"मॅडम, एवढी माणसं इतक्या लांबून आली आहेत!"

"परत जातील," मी म्हणाले. "आज हितं पाखरं दिसणार न्हाईत."

"तुम्ही स्वतःला पक्षीनिरीक्षक म्हणवता?"

"म्हणवत होते. आज मी राखण करून राहिले."

"आम्ही पांदणीत उभे राहू. पांदण सरकारी आहे."

"ऱ्हा की. ज्वारी मावशीची हाय."

ते राहिले. दोन-अडीच तास राहिले. आणि दोन-अडीच तास मी एकही भारीट कणसावर टिकू दिला नाही. थवा उठायचा, कॅमेरे वर जायचे, मी फटाका वाजवायची, कॅमेरे खाली यायचे. फोड फुटला, दोरी रक्ताने चिकट झाली, मी रुमाल गुंडाळला. मला वाटलं होतं, असं केल्याने राग शांत होईल. तो वाढतच गेला. कारण त्या पाखरांचा काही गुन्हा नव्हता. ती बाभळीवर जाऊन बसत होती, कारण दुसरीकडे जायला काही उरलंच नव्हतं. केळीत काय खातील, हळदीत काय खातील? मी ज्यांना बघायला दर रविवारी चालत येत होते, त्यांनाच शिवारातल्या एकुलत्या एक ताटावरून हाकलत होते. आणि मावशीचंही खरं होतं, पाखरांचंही खरं होतं. ज्यांचं खरं नव्हतं ते पांदणीत थर्मासमधून चहा पीत उभे होते.

अकराच्या सुमारास ते गेले. सरांनी जाताना शाल माळ्याच्या बल्लीवर ठेवली होती. मावशीने ती उचलली, झटकली आणि गोठ्यात नेऊन आजारी वासराच्या अंगावर टाकली. "लोकर चांगली हाय," म्हणाली.

त्याच संध्याकाळी मला ग्रुपातून काढलं. कारण दिलं होतं, पक्ष्यांना त्रास देणं.

त्या वर्षी उगवतीच्या कोपऱ्यात कडब्याशिवाय फारसं काही निघालं नाही. बाकीचं वावर चांगलं पिकलं. काढणीला मी दोन दिवस गेले होते, कणसं खुडायला मदत केली. मावशीने मला एकदाही त्या दिवसाबद्दल बोल लावला नाही. मीच एकदा विषय काढला, तर म्हणाली, "आता किती दिवस उगाळशील? तुला पाखरू दाखवायचं व्हतं, दाखिवलं." तिला माझी हौस मुळातून कळली होती, बहुतेक माझ्या आधीच.

यंदा तिने दोन एकरच ज्वारी पेरली. उरलेल्या दोन एकरांत हळद. मी विचारलं, त्या लोकांमुळे का, तर म्हणाली, "त्यांच्यानं काय व्हतंय? गुडघे दुखतेत. माळ्यावर चढायची तकलीफ व्हती." ते खरं असेल. तरी मला ऐकून भयंकर राग आला, कुणाचा ते नीट सांगता येत नाही. केळीवाल्यांचा, हळदवाल्यांचा, माझा, त्या ओळीखाली हात जोडणाऱ्या शेकडो लोकांचा.

आता हिवाळ्यात मी दर रविवारी पहिल्या गाडीने जाते आणि मावशीला खाली बसवून माळ्यावर चढते. यंदा पिवळ्या कमी आल्यात. दोन एकरांत किती येणार? नवरा म्हणतो, सोडून दे आता, किती मनावर घेशील. गेल्या आठवड्यात सरांचा निरोप आला होता, दोन वर्षांनी पहिल्यांदा: 'भारीट आले का? यंदा किती आहेत?' मी मावशीला वाचून दाखवला. ती भाकरीचं पीठ मळत होती.

"म्हणावं, येऊन मोज," ती म्हणाली. "डबडं हाय अजून."

मी तसंच लिहून पाठवलं.